शुद्ध पाणी

"कंपाउंडरसायब, बॅटरीत पानी कोनता घालायचा?"

बाबल्या दवाखान्याच्या पायरीशी उभा होता. हातात माझा पाना, माझं फडकं आणि माझीच व्हॅसलीनची डबी. मी खलातून मान वर केली नाही.

माझं म्हणजे तसं सगळं डॉक्टर मायदेवांचंच. पण सात वर्षं ते मी सांभाळलं होतं. चौतीस सालची गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली डॉक्टरांची सर्वांत जुनी. मला ती चालवता येत नव्हती, मागे बसायलाही कधी कुणी सांगितलं नाही. पण सीटखालच्या त्या काळ्या डब्यावर, सहा व्होल्टच्या बॅटरीवर, माझी सत्ता होती. दर शनिवारी तीन बुचं उघडायची, आतल्या पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या आहेत ना ते पाहायचं, कमी असेल तेवढंच पाणी घालायचं. टोकांवर चढलेली पांढरी बुरशी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून व्हॅसलीन फासायचं. पावसाळ्यात फटफटी पडवीत बसून असे, तेव्हाही आठवड्यातून एकदा अर्धा तास इंजिन चालवायचं, कारण न वापरलेली बॅटरी आतल्या आत मरते. सकाळी डॉक्टर आले की रोग्यांच्या आधी विचारत, "महिपतराव, बॅटरी कशी आहे?" त्या एका प्रश्नावर माझा दिवस जाई.

मग हा नाटे गावचा बाबल्या आला. पंधरा वर्षं आगबोटीच्या इंजिनात काढून, म्हातारी आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलेला. तिला घेऊन तो मांडवीत बिऱ्हाड करून राहिला होता. डॉक्टर तिला तपासायला गेले तेव्हा याने दारात उभ्या फटफटीचा नुसता आवाज ऐकला आणि म्हणाला, डायनामोचा कार्बन झिजलाय. दुसऱ्या दिवशी त्याने तो बदलला. दिव्यावरच्या, बॅटरीत वीज किती भरतेय ते दाखवणाऱ्या घड्याळातला काटा, जो माझ्या हाताखाली जेमतेम हलायचा, तो टुणकन पुढे गेला.

"महिपतराव, सात वर्षांत हा असा उडालेला पाहिलात का कधी?" डॉक्टरांनी भर दवाखान्यात विचारलं.

नव्हता पाहिला. पण ते दहा रोग्यांसमोर विचारायची काय गरज होती?

त्या दिवसापासून फटफटी बाबल्याकडे गेली. 'चाचणी'साठी डॉक्टर त्याला मागे बसवून भाट्याच्या खाडीपर्यंत जाऊन आले. दवाखान्याच्या खिडकीतून मी पाहिलं, दोघंही हसत होते. माझा जळफळाट झाला. घरी जेवताना घास उतरेना, तेव्हा आमची सावित्री म्हणाली, "पोटात दुखतंय तुमच्या. दवाखान्यातला ओव्याचा अर्क घ्या की थोडा!" बायकोला सगळं कळतं, हीच मोठी पंचाईत असते.

तर तो पायरीशी उभा राहून पाणी कोणतं ते विचारत होता.

"शुद्ध," मी म्हणालो.

"शुद्ध म्हंजे?"

"म्हणजे शुद्ध. आपल्या मुलखात सर्वांत शुद्ध असेल ते घाल."

माझ्या मागेच फळीवर त्या पाण्याची बाटली होती. औषधांसाठी वाफ धरून, गार करून आम्ही पाणी करत असू, तेच बॅटरीला लागतं. दुसरं कुठलंही चालत नाही, आणि आमच्या जांभ्यातल्या विहिरींचं तर मुळीच नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'डिस्टिल वॉटर' लिहिलेलं होतं. मी खल ठेवायच्या निमित्ताने वळलो आणि बाटली फिरवून नाव भिंतीकडे केलं.

बाबल्याने जरा विचार केला. "हाय माज्याकडं," म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, घालेल विहिरीचं. शनिवारी पाहतो तर हातात तांब्याचा गडू, तोंड लाखेने बंद केलेला. ती लाख तो चाकूने जपून खरवडत होता.

"हे काय रे?"

"गंगा. राजापूरची. मागं आली होती तवा आये नाट्यावरनं चालत गेलीवती उन्हाळे गावाला. ह्याच्याहून शुद्ध काय हाय आपल्या मुलखात?"

राजापूरची गंगा कुणाच्या सांगण्यावरून येत नाही. दोन-तीन वर्षांनी तिच्या मर्जीने जमिनीतून वर येते आणि तशीच निघून जाते. तिचं पाणी घरात कशासाठी ठेवतात, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. म्हातारीने ते शेवटच्या घोटासाठी ठेवलं होतं. "आईला विचारलंस?" एवढं मला विचारता आलं.

"तीच बोलली, ने. डॉक्टर माजा जीव राखतो, त्याच्या गाडीला ने."

एका शब्दात थांबवता आलं असतं. बाटली तर हाताशी होती. पण त्याच वेळी डॉक्टर बाहेर आले, बाबल्याच्या खांद्यावर हात ठेवून आत निघून गेले, आणि मी माझ्या खलाकडे परतलो.

दोन महिन्यांत, चैत्र-वैशाखाच्या उन्हाळ्यात, शनिवारी थोडी थोडी करून गंगा संपली. दिवा पिवळा पडत चालला होता. काटा सकाळी पुढे जाई आणि दिवा लावला की आडवा होई. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मग एके दिवशी पावस गावाहून परतताना तिन्हीसांजेला दिवा विझला आणि डॉक्टर रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर आदळले. मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. सकाळी गळ्यात झोळी बांधून त्यांनी आम्हा दोघांसमोर बुचं उघडली. पट्ट्यांवर पांढरी साय धरलेली.

"पाणी कुठलं घातलंस?"

"गंगेचा, सायब. शुद्ध."

डॉक्टर आधी हसले आणि मग भडकले. "अरे, त्यात क्षार असतात! तुझ्या गंगेपेक्षा ते फळीवरचं पाणी शुद्ध! कुणी सांगितलं तुला हे?"

बाबल्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाय," तो म्हणाला. "मनाच वाटला."

मुंबईहून नवी बॅटरी आली. "महिपतराव, ही तुमच्याकडे," डॉक्टर म्हणाले. इतके दिवस हेच तर मला हवं होतं. पण शनिवारी बुचं उघडताना मला बाबल्याचाच हेवा वाटत राहिला. माझ्यासाठी गप्प राहायला त्याला जमलं होतं. मला त्याच्यासाठी बोलायला जमलं नव्हतं.

भाद्रपदात एका दुपारी तो धावतपळत आला. हातात तोच गडू.

"कंपाउंडरसायब, तुमचा ता पानी थोडा देता?"

"कशाला?"

"आये चालली. गंगा गंगा करते. नवी अजून आली नाय. डॉक्टर बोललेवते ना, गंगेपेक्षा ह्या शुद्ध."

मी फळीवरची बाटली काढली. "बाबल्या, तेव्हा मी तुला..."

"म्हायती हाय मना. फळीवरच्या सगल्या बाटल्यांची नावा पुढं, ह्या एकीचाच भिंतीकडं. मागाहून ध्यानात आला."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"सांगून गडू भरला असता?"

मी सगळी बाटलीच त्याच्या हातात दिली. बाटली छातीशी धरून तो पळत गेला. गडू माझ्या टेबलावरच राहिला.

तेराव्यानंतर तो बाटली परत द्यायला आला. स्वच्छ धुतलेली होती. "सुखानं गेली," एवढंच बोलला, गडू उचलला आणि पडवीत जाऊन फटफटीची साखळी पुसू लागला.

बाटली उजेडात धरली तेव्हा आत, तळाशी, तुळशीचं एक पान चिकटलेलं दिसलं. ते धुण्यात निघालं नव्हतं, मीही काढलं नाही. बाटली फळीवर ठेवली, नाव पुढे करून. शनिवार होता. बॅटरीसाठी मी दुसरी बाटली घेतली.