अस्तर कुणी काढलं

धाकटीला प्रयोगशाळेत थोरलीनंच आणलं होतं. पायावर धोंडा पाडून घ्यायला माणसाला वैरी लागत नाही, सख्खी बहीण पुरते.

काम दोघींचं एकच. कत्तलखान्यातून आलेल्या डुकराच्या किडनीतली धमनी सोडवायची, तिच्या बारीक कड्या कापायच्या, तारांवर ओवून कोमट पाण्यात ताणून ठेवायच्या. एक औषध टाकलं की कडी आवळते, पडद्यावरची रेघ वर चढते. दुसरं टाकलं की कडी सैलावते, रेघ खाली येते. पण हे दुसरं औषध स्नायूला विचारतसुद्धा नाही. ते बोलतं धमनीच्या आतल्या अस्तराशी. एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर. ते एक वायू सोडतं आणि मग स्नायू ढिला पडतो. ओवताना तार आत घासली, अस्तर गेलं, की कडी आवळते ती आवळलेलीच राहते. हट्टी माणसासारखी.

थोरलीची तार घासायचीच. तिच्या कड्या कशाबशा अर्ध्या सैलावायच्या, धाकटीच्या पूर्ण सैलावायच्या, रेघ थेट तळाला जायची. "हात बघ हिचा!" सर म्हणायचे, तेही थोरलीच्या तोंडावर. कायमची जागा एकच होती, आणि ती कुणाची हे आजच्या कड्या बघून ठरणार होतं.

"ताई, चहा घेऊन येते गं. माझ्या कड्यांकडे बघशील?"

"तुझ्याकडेच तर बघत असते मी दिवसभर."

धाकटी हसत गेली. कापलेल्या चारही कड्या गार पाण्याच्या बशीत पडल्या होत्या. थोरलीनं एकेक उचलली, तारेवर चढवली आणि हळूच आतून फिरवली. घासायचा सराव तर होताच.

धाकटी परतली. तिनं कड्या ओवल्या, औषध टाकलं. चारही रेघा चढल्या. दुसरं टाकलं. एकही रेघ जागची हलेना. मागे सर येऊन उभे. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला आणि थोरलीच्या काळजाला गारवा मिळाला.

पण धाकटी रडली नाही. तिनं तिसरी बाटली घेतली. हे औषध अस्तराला वगळून थेट स्नायूवर चालतं. चारही रेघा धाडकन खाली आल्या.

"म्हणजे स्नायू शाबूत!" सर पडद्यावर वाकले. "फक्त अस्तर काढलंस? अगं, आपलं नवं औषध अस्तरातूनच चालतं हे दाखवायला अशाच कड्या हव्या होत्या मला. मी काढायला गेलो की स्नायू फाटतो. काय हात आहे, पोरी!"

धाकटीनं तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती, देव जाणे. थोरलीला तेवढा दम निघाला नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्या हाताला कुणी चांगलं म्हटलं होतं, आणि तेही वाढलं गेलं या भवानीच्या ताटात!

"तिनं नाही, मी काढलंय!"

सर सरळ झाले. "तू? हिच्या कड्यांमधलं?"

"मी चहाला गेले तेव्हा, ताई?" धाकटीनं अगदी हळू विचारलं.

मदत केली, असं अजूनही म्हणता आलं असतं. पण जागा गेली हे थोरलीला सरांच्या तोंडावरून कळून चुकलं होतं.

"हो, तेव्हाच. चारही," ती म्हणाली. "पण हात माझा होता सर. तेवढं तिच्या नावावर घालू नका."