सतरा चोकच्या पुढे

ट्रकवाल्याचं सगळ्या गल्लीशी एकच भांडण होतं, आणि ते त्याच्या दारासमोर चाकांवर उभं होतं. रात्रभर सिमेंटची पोती वाहून तो सकाळी परत यायचा, गल्लीत ट्रक उलटा घालायचा आणि असा लावायचा की पलीकडून सायकल जायची, पण सायकलवाल्याने पोट आत ओढलं तरच. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणायचा, “भाऊ, गल्लीला तुमचा ट्रक कमरेत घट्ट होतोय.” ट्रकवाला हसण्यावारी न्यायचा. नाक्यापलीकडच्या मैदानात ट्रक लावायची सोय होती, राखणदारही होता. पण मैदानाचं नाव काढलं की ट्रकवाला नाक मुरडायचा.

खरी अडचण समोरच्या बाईंची होती. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दुपारी गल्लीतल्या मुलांना आपल्या व्हरांड्यात बसवून शिकवायच्या. ट्रक उभा राहिला की व्हरांड्यात अंधार. मुलं वह्या तिरक्या धरून, डोळे बारीक करून वाचायची. बाईंनी ट्रकवाल्याला हे सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं. बेरीज न जमणाऱ्या मुलाला सांगावं तसं, आवाज न चढवता.

ट्रकवाल्याकडे मात्र हुकमी उत्तर होतं. “बाई, गाडी डोळ्यांसमोर असली तरच माझा डोळा लागतो. झोप नाही झाली तर रात्री कुणाच्या तरी अंगावर गाडी घालीन.” हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं होतं की गाडीच्या आरशात बघून तो ते म्हणून बघायचा. ‘अंगावर’ या शब्दाला आवाज थोडा कापरा करायचा, हे त्याने तिथेच ठरवलं.

शेवटी शिंप्याच्या दुकानापुढे चार घरची माणसं जमली. ट्रकवाल्याने वाक्य टाकलं, आवाज ठरल्या जागी कापरा केला. झोपेपुढे कोण काय बोलणार? बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. झोप महत्त्वाची. मुलांना मी मागच्या आळीत माझ्या बहिणीकडे बसवते.”

ट्रकवाला छाती काढून घरी आला. बायको तांदूळ निवडत होती.

“जिंकलो,” तो म्हणाला.

“कुणाशी? त्या म्हाताऱ्या बाईंशी?” बायकोने खडा उचलून बाजूला टाकला.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीखालच्या पलंगावर आडवा झाला. ट्रक डोळ्यांसमोर होता. अगदी नंबराच्या पाटीपर्यंत दिसत होता. डोळा काही लागेना. तो या कुशीवर वळला, त्या कुशीवर वळला. उशीला दोष दिला, चहाला दिला, मग बायकोच्या भांड्यांना दिला. पुढच्या दिवशीही तेच. ट्रक त्याच्याकडे बघत होता आणि तो ट्रककडे, नवीनच लग्न झाल्यासारखे.

मग एका फेरीत स्टिअरिंग धरल्याधरल्या त्याची मान कलली. चाकांखाली खडी वाजली तेव्हा तो दचकून जागा झाला. पुढचं चाक रस्त्याच्या कडेला उतरलं होतं आणि त्यापुढे नुसता उतार होता. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि चाकापुढे दगड लावला. आरशासमोर घोकलेलं वाक्य आता कुणी नाटकी आवाज न काढता त्याच्या कानात म्हणत होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“अहो, पण गाडी तर डोळ्यांसमोरच आहे ना?”

“आहे.”

“मग?”

खिडकीतून ट्रककडे बघत तो पलंगावर आडवा झाला. बायको आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, “बाईंची मुलं गेल्यापासून दुपार कशी सुनीसुनी वाटते. त्यांच्या पाढ्यांच्या ठेक्यावर माझी भांडी कधी घासून व्हायची ते कळायचंही नाही.”

ट्रकवाला उठून बसला.

त्याला शाळेतला शेवटचा बाक आठवला. वर्ग सतराचा पाढा म्हणायला लागला की ‘सतरा चोक अडुसष्ट’पाशी त्याचं डोकं बाकावर टेकायचं. गुरुजींनी वर्गाबाहेर उभं केलं, तर भिंतीला टेकून तो उभ्याने झोपायचा. सतरा चोकच्या पुढे काय आहे हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि या घरात रोज दुपारी समोरून पाढे यायचे, त्याला झोप यायची, आणि शाबासकी मात्र तो ट्रकला द्यायचा.

त्याने तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला, आधी ट्रक मैदानात नेऊन लावला आणि चालत बाईंकडे गेला.

“बाई, गाडी हलवली. मुलांना परत आणा.”

“आणि तुझ्या झोपेचं काय?”

ट्रकवाला स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, “ती गाडीने येतच नव्हती. मुलांच्या पाढ्यांनी येते.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे मी इतके दिवस शिकवत होते, आणि तू झोपत होतास.”

“शाळेतही तसंच होतं, बाई.”

त्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्म्याऐवजी डोळे पुसावे लागले. मग त्यांनी विचारलं, पाढा येतो कुठपर्यंत? सतरा चोकपर्यंत, तो म्हणाला, पुढे झोप लागते.

“मुलांना मी उद्याच आणते. पण पुढचं रोज थोडंथोडं पाठ करायचं. झोपण्याआधी मला खिडकीतून म्हणून दाखवायचं. कबूल?”

कबूल नाही म्हणायला त्याच्याकडे आता कुठलंच वाक्य उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांडा उजेडाने भरून गेला. गल्ली एकदाची मापात बसली, असं शिंप्याने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. ट्रकवाला येताना सगळ्या वाटेने एकच ओळ घोकत आला होता. खिडकी उघडून तो पलंगावर पडला आणि मोठ्या कष्टाने डोळे उघडे ठेवून वाट बघू लागला. समोर मुलांनी सतराचा पाढा धरला. चोकपाशी बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“खिडकीतला विद्यार्थी, सतरा पंचे?”

“पंच्या...” ट्रकवाला म्हणाला, आणि उरलेलं उशीत गेलं.

“...ऐंशी,” मुलांनी त्याचं वाक्य पुरं केलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचा पाढा हळू आवाजात घ्यायला सांगितला.