उरलेले तीन किलोवॅट

आप्पारावांना विजेतलं सगळं कळत होतं. निदान गावात त्यांच्याहून जास्त कळणारं कुणी नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. दुबलगुंडीच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या गावात दूध सोसायटी होती. आप्पाराव तिचे अकरा वर्षांपासूनचे अध्यक्ष, आणि अध्यक्षाला एखादी गोष्ट कळत नसते असं सोसायटीच्या नियमांत कुठंही लिहिलेलं नव्हतं.

सोसायटीत चिलर होता. गावभरचं दूध सकाळी त्यात ओतायचं, दुपारी चारला टँकर येईपर्यंत तो ते गार ठेवायचा. लाईट गेली की मात्र चिलर बसायचा आणि दूध नासायचं. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्यायचा ठराव झाला. खरेदीला मीही येते, असं धनलक्ष्मी म्हणाली. ती सोसायटीत दुधाची फॅट तपासायची; बिदरला विज्ञान शिकून आली होती.

"फॅट तू बघ, बॅटरी मी बघतो," आप्पाराव म्हणाले आणि एकटेच चिटगुप्प्याला गेले.

दुकानदार सोमशेखरनं विचारलं, "चिलर किती वेळ चालवायचाय, अण्णा?"

"दोन किलोवॅटचा हाय."

"ते कळालं. किती तास?"

"तास कामून विचारायलास? तास घड्याळात असतेत. तुझी मशीन कितीची हाय, ते सांग."

"इन्व्हर्टर पाच किलोवॅटचा हाय. पण बॅटरी हाय ती..."

"पाच! दोन चिलरला गेले, तीन उरले. बांध."

सोमशेखरनं आणखी दोनदा तोंड उघडून बघितलं. दोन्ही वेळा आप्पारावांनी त्याला वजाबाकी समजावून सांगितली. मग त्यानं मुकाट्यानं खोकं बांधायला घेतलं.

सामान गावात आलं. धनलक्ष्मीनं बॅटरीवरची चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "अप्पा, हिच्यात अडीच युनिटसुद्धा न्हाईत."

"युनिट बिलात असतंय पोरी, बॅटरीत न्हाई. हितं बघ, काय लिवलंय? पाच किलोवॅट."

"ते इन्व्हर्टरवर लिवलंय. एका वेळी किती ओढता येतंय, तेवढंच त्यातनं कळतंय. साठलंय किती, ते..."

"पाचातनं दोन गेले तर किती?"

"तीन."

"मग?"

धनलक्ष्मी फॅट तपासायला निघून गेली.

उद्घाटनासाठी आप्पारावांनी मुद्दाम असा दिवस निवडला, की ज्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते दुपारी चार लाईट बंद राहणार होती. दुसरा कुणी घाबरला असता. प्रमुख पाहुणे म्हणून कमठाण्याचे व्याही बसवंतप्पा आले. लेकीच्या सासऱ्यापुढं उरलेले तीन किलोवॅट नुसते बसवून ठेवणं आप्पारावांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी चहासाठी विजेची शेगडी लावली, पाहुण्यांसाठी पंखे लावले, आणि भाषणासाठी माइक आणि माणसाएवढे दोन भोंगे. एकही वॅट रिकामा ठेवला नाही.

दहाला लाईट गेली. इन्व्हर्टर टुकदिशी चालू झाला, चिलर गुरगुरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पारावांचा ऊर भरून आला. बरोबर अर्ध्या तासानं ते "संध्याकाळपर्यंत आता बघायचं काम न्हाई" असं म्हणत असताना माइक गेला. त्यांनी माइकवर दोन टिचक्या मारल्या. मग पंखे मंदावले. मग चिलर हुंदका दिल्यासारखा हलला आणि थांबला. शेगडीवरचा दुसरा चहा तसाच अर्धकच्चा राहिला.

बसवंतप्पांनी घड्याळ बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "संध्याकाळ झाली का व्याहीबुवा?"

आप्पाराव कानशिलापर्यंत तापले. तिथंच उभं राहून त्यांनी सोमशेखरला फोन लावला. "फसवलास मला! बंद पडलंय सगळं!"

"काय काय लावलंत अण्णा?"

आप्पारावांनी यादी वाचली.

"मग अर्धा तास चाललं असंल."

"तुला कसं कळालं?"

"त्यापेक्षा जास्त कसं चालंल, अण्णा?"

आप्पारावांनी फोन खिशात घातला. पण आत उद्घाटनासाठी मुद्दाम दहाला ओतलेलं तीनशे लिटर दूध अजून कोमटच होतं आणि टँकरला साडेपाच तास होते. गावच्या म्हशींनी काही अध्यक्षांचं भाषण ऐकून दूध दिलेलं नव्हतं, आणि ज्यांचं दूध होतं ती माणसं आता टाळ्या वाजवत नव्हती.

"खवा करू," धनलक्ष्मी म्हणाली. "आत्ताच. दुपार झाली की नासंल."

आप्पारावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, लगेच देवळातल्या कढया मागवल्या. सोसायटीच्या अंगणात चार चुली पेटल्या. "भाषण झालं असंल तर हे धरा," म्हणून त्यांनी नवऱ्याच्या हातात उलथनं दिलं.

नवा फेटा बांधलेले अध्यक्ष धुरात बसून दूध ढवळू लागले. शेजारच्या कढईवर धनलक्ष्मी होती. ढवळता ढवळता ती म्हणाली, "अप्पा, म्हैस घेताना काय विचारता?"

"किती लिटर देते, ते. दुसरं काय?"

"धार किती जोराची हाय, ते न्हाई विचारत?"

"जोराच्या धारेला काय चाटायचंय? दीड लिटरात आटली तर..."

आप्पारावांचा हात थांबला.

"किलोवॅट म्हंजे धार," ती म्हणाली. "युनिट म्हंजे लिटर. एक किलोवॅट तासभर चाललं की एक युनिट संपतंय. तुम्ही धार बघून म्हैस आणलाव, आन् वर जमंल तेवढ्या जणांनी मिळून पिळलाव."

चाळीस वर्षं म्हशींच्या बाजारात आप्पारावांना कुणी फसवू शकलं नव्हतं. आज तिथलंच माप हुकलं, हे त्यांना फार लागलं.

"मग चिलरला किती लिटर... किती युनिट लागतील?"

"दोन किलोवॅट, सहा तास. बारा. ढवळा अप्पा, खाली लागायलाय!"

चाळीस लिटर तरीही नासलं. बाकीच्याचा खवा झाला, आणि त्याला जो करपट वास होता तो सगळा अध्यक्षांच्या कढईचा, हे वच्छलाबाईंनी प्रत्येकाला सांगितलं. बसवंतप्पा कमठाण्याला जाताना दोन किलो घेऊन गेले; तोही त्यांनी त्याच कढईतला मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात आप्पाराव पुन्हा चिटगुप्प्याला गेले. या वेळी धनलक्ष्मी पुढं आणि ते मागं. इन्व्हर्टर तोच ठेवून आणखी पाच बॅटऱ्या घेतल्या. दुकानात बोलायचं सगळं ती बोलली. आप्पारावांनी फक्त मान डोलवली, आणि तीही बरोबर जागी.

महिन्याभरानं पुन्हा दिवसभर लाईट गेली. चिलर टँकर येईपर्यंत चालला. पंखे बंद होते, शेगडी कपाटात होती, भोंगे मालकाकडं परत गेले होते. आप्पाराव घाम पुसत बॅटऱ्यांसमोर खुर्ची टाकून बसले होते. दूध घालायला कुणीही आलं की ते त्याला थांबवायचे आणि धार कशाला म्हणतात, लिटर कशाला म्हणतात, ते सगळं पहिल्यापासून सांगायचे. हे आपल्याला कढईजवळ कुणी शिकवलं, तेवढं मात्र वेळेअभावी राहून जायचं. धनलक्ष्मी आत बसून फॅट तपासत असायची आणि एका कानानं सगळं ऐकायची. कुठं चुकले तर आतूनच सांगायची, आणि आप्पाराव लगेच म्हणायचे, "व्हय, तेच तर सांगायलोय."