निळ्या न झालेल्या कुप्या

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणत. तिलाही त्याचं वाईट वाटत नसे, कारण नाव शोभतच होतं. दुधाने तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारी बाई ती. तिच्या शंकेतून सुटलेला जगात एकच माणूस होता, तिचा सख्खा मोठा भाऊ, आणि तो पलीकडच्याच खोलीत काम करायचा.

दादा यंत्राचा माणूस. त्याच्या ताब्यात एक लांबलचक पोलादी नळी होती. सगळे तिला तोफ म्हणत. एका टोकाला वायू कोंडायचा, मधला पातळ पडदा फाटला की धक्क्याची लाट सुसाट सुटायची आणि दुसऱ्या टोकाच्या कुपीतल्या जिवंत पेशींवर आदळायची. किती जोराचा धक्का पेशी सोसतात आणि कितीला मरतात, हे बहीण मोजायची. न भरणाऱ्या जखमांवर असे हलके धक्के देऊन उपचार करायचे होते, आणि रोग्याला किती जोराचा धक्का द्यायचा ते तिच्या आकड्यांवरून ठरणार होतं. उद्या उपचारांना परवानगी देणाऱ्या समितीने होकार दिला की पहिला रोगी यायचा होता.

म्हणून प्रयोगाची आखणी तिने फार कडक केली होती. कुठल्या कुपीला किती धक्का बसला ते मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळ्यांना हवं तेच दिसतं. ती कुप्या भरून द्यायची. दादा धक्के देऊन, स्वतःच्या खुणा चिकटवून त्या परत आणायचा. मग ती रंग घालून मोजायची. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला दारातही उभं करत नाही. आकडे कसे सुरेख येत होते! धक्का वाढला की निळ्या पेशी वाढत, अगदी शिस्तीत.

शेवटच्या फेरीत मात्र तिने स्वतःवरच शंका घेतली. आपले थकलेले डोळे निळं नीट ओळखतात ना? म्हणून कोणाला न सांगता तिने तीन कुप्यांत आधीच मारलेल्या पेशी भरल्या. धक्का बसो न बसो, त्या सगळ्याच्या सगळ्या निळ्या दिसायला हव्या होत्या.

कुप्या परत आल्या. तिने एकूण एक तपासली. पूर्ण निळी अशी एकही नव्हती.

आधी तिने रंगाला दोष दिला. मारलेल्या पेशी थोड्या उरल्या होत्या, त्यांत तोच रंग टाकला, तर क्षणात निळ्याशार झाल्या. डोळेही ठीक होते, रंगही. मेलेलं काही जिवंत होत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणजे तिने दिलेल्या कुप्या परत आल्याच नव्हत्या. ती तडक पलीकडच्या खोलीत गेली.

दादा तोफेपाशी चहा पीत बसला होता. तिचं ऐकून त्याने कप खाली ठेवला.

"तोफ बिघडलीय गं. पडदा नीट फाटतच नाही."

"मग माझ्या कुप्या?"

"टाकून दिल्या. तुझ्याच कपाटातल्या जास्तीच्या पेशी घ्यायचो आणि गरम पाण्यात ठेवायचो. काही थोडा वेळ, काही जास्त, म्हणजे हव्या तेवढ्याच मरायच्या."

"कधीपासून?"

"पहिल्या फेरीपासून."

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. त्या पेशी सांभाळायला त्याला तिनेच हौसेने शिकवलं होतं. परक्याने असं केलं असतं तर ती कडाकडा भांडून मोकळी झाली असती. पण हा दादा! साऱ्या जगाकडे संशयाने बघत आली आणि अस्तनीतला निखारा तेवढा दिसला नाही. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"तोफ बिघडली म्हटलं असतं तर प्रयोगच गुंडाळला असता," तो म्हणाला. "तुझी नोकरी गेली असती. तुझ्यासाठीच केलं, छकुले."

"माझ्यासाठी? उद्या कुणाच्या तरी पायावर तो धक्का बसणार होता, दादा!"

तो दुखावल्यासारखा म्हणाला, "पण तू माझी परीक्षा घेतलीस? न सांगता? सख्ख्या भावाची?"

"तुझी नाही रे." आता तिला रडू आवरेना. "माझीच घेत होते. तुझी घ्यावी हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

तिने डोळे पुसले, फोन काढला आणि समितीच्या अध्यक्षांचा नंबर शोधू लागली.

"आईला काय सांगशील?" त्याने घाईघाईने विचारलं.

"तूच सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही."