टूं वाजल्यावर बोलायचं

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. मोहरीच्या रंगाचा, गोल तबकडीचा, लांबसडक पिळाच्या वायरीचा. कारखान्यात मला घडवलं तेव्हा तिथल्या एका माणसाने मला टेबलावर आपटून पाहिलं होतं. "हा काही फुटत नाही," असं तो म्हणाला. खरंच फुटलो नाही. कधीकधी त्याचंच वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या एका स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या भिंतीवर माझी उमर गेली. आधीचं कुटुंब घर विकून गेलं आणि ऐंशी सालच्या हिवाळ्यात नागपूरची माणसं राहायला आली. पंडित नावाचे इंजिनिअर, त्यांच्या पत्नी कमलाताई आणि पाचवीतली लेक संघमित्रा.

कमलाताई नागपूरला बालवाडीच्या बाई होत्या. रविवारी गावच्या ओळखीच्यांचा फोन आला, की "जय भीम वहिनी!" असा त्यांचा खणखणीत आवाज माझ्यातून निघायचा आणि मीसुद्धा भिंतीवर थरथरायचो. पण पलीकडून इंग्रजी आली, की तोच आवाज उन्हातल्या दवासारखा विरून जायचा. समोर माणूस दिसलं तर त्यांचं निभायचं. ओठ दिसायचे, हातवारे दिसायचे. मला मात्र चेहरा नाही, मित्रांनो.

"टीव्ही बघत जा गं," पंडित म्हणायचे. "ॲक्सेंट ऑटोमॅटिक पिकअप होतो."

"तुमच्या टीव्हीतली माणसं थांबतात का हो माझ्यासाठी?"

थांबणारी एकच बाई त्यांना सापडली, आणि ती माझ्यातच सापडली. त्या काळी एक नंबर फिरवला, की वेळ आणि हवामान सांगणारा आवाज यायचा. ती बाई संथपणे एक वाक्य बोलायची, मग टूं वाजायचं, मग थोडी शांतता. त्या शांततेत कमलाताई तिचं वाक्य तिच्यामागून म्हणायच्या. वेळ, तापमान, बर्फ पडण्याची शक्यता. शेवटी "थँक यू" म्हणून अलगद रिसीव्हर ठेवायच्या.

"आई, शी इज अ मशीन!" संघमित्रा हसून लोळायची. "थँक यू काय म्हणतेस?"

"म्हणू दे गं. इतक्यांदा विचारलं, एकदा तरी चिडली का ती?"

पोळ्या लाटताना त्या गुणगुणायच्या, आईकडून आलेल्या चालीवर, शब्द मात्र स्वतःचे:

परदेशाची ही बोली, जसं पाखरू अंगणी,
दाणे टाकू जाते बाई, जाऊन बसे वळचणी.

पण पाखरू हळूहळू धीट होत होतं. मी ऐकत होतो ना! वाक्यं लांब झाली, अडखळणं कमी झालं. मग एके दिवशी त्या कामाची चौकशी करायला चालत जाऊन जवळचं पाळणाघर बघून आल्या. तिथे एक रडणारं पोर त्यांच्या मांडीवर येऊन निजलं म्हणे. तिथल्या मुख्य बाईंना त्या फार आवडल्या. "पण पालकांचे फोन घ्यावे लागतील," बाई म्हणाल्या. "गुरुवारी मी तुमच्याशी फोनवर बोलून बघते."

गुरुवारी कमलाताईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं आणि स्टूल ओढून माझ्याखाली बसल्या. मी वाजलो. त्यांनी नाव सांगितलं, छान सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला. समजा एखाद्या मुलाला ताप आला आणि त्याच्या आईचा घाबरून फोन आला, तर तुम्ही तिला काय सांगाल?

कमलाताईंना प्रश्न समजला होता. उत्तर जिभेवर होतं, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. पण त्या थांबल्या. माझ्यातून शिकलेली सवय होती ती. आधी समोरची बाई बोलते, मग टूं वाजतं, मग आपण बोलायचं. टूं वाजलंच नाही.

"हॅलो? आर यू देअर?"

आता त्या घाबरल्या. मी कसा वाजणार, मित्रांनो? माझ्यातून सगळं जातं, माझं स्वतःचं काहीच नाही.

एवढ्यात शाळेतून आलेली संघमित्रा दप्तरासकट धावली. "आई, गिव्ह इट टू मी!" वाईट हेतू नव्हता पोरीचा. आई संकटात दिसली, म्हणून तिने रिसीव्हर ओढून घेतला. "माय मॉम डझन्ट स्पीक इंग्लिश. कॅन आय हेल्प यू?"

पलीकडची बाई प्रेमाने बोलली. "ओह, थँक यू, स्वीटहार्ट. नेव्हर माइंड." लाईन बंद झाली. रिसीव्हर हुकावर बसला.

आणि मग कमलाताई बोलल्या. भिंतीकडे बघत, सावकाश, एकही शब्द न चुकता.

"द चाइल्ड इज विथ मी. प्लीज डोन्ट वरी."

"हू आर यू टॉकिंग टू, आई?"

"कुणाशी नाही. हातपाय धू. पोहे झाकून ठेवलेत."

त्यानंतर त्यांनी माझी तबकडी फिरवली नाही. पंडित म्हणाले, "अगं, पुन्हा फोन कर ना त्यांना." त्या म्हणाल्या, "पोरीने सांगितलं ना त्यांना. आता मी काय खोटं पाडू तिला?" डॉक्टर असो, गॅसवाला असो, शाळा असो, सगळ्यांशी संघमित्रा बोलू लागली. मी वाजलो, की कमलाताई माझ्याशेजारी उभ्या असल्या तरी वरच्या मजल्याकडे हाक मारायच्या, "संघमित्रा, फोन गं!" घरात त्या संघमित्राशी मराठीत बोलत, संघमित्रा इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघींमधलं बोलणं वर्षागणिक आखूड होत गेलं.

पुढे बटणांचा नवा फोन आला. मला उतरवून गराजमध्ये, बर्फाच्या फावड्याशेजारी ठेवलं.

मित्रांनो, मला पुसू नका, परत भिंतीवर लावू नका. माझी लाईन कापून टाकली आहे. मागणं एवढंच आहे, घरातलं मोठं माणूस परक्या बोलीत अडलं, तर त्याच्या हातातून बोलणं काढून घेऊ नका. ती शांतता रिकामी नसते. तिच्यात कुणीतरी वाक्य जुळवत असतं.

कमलाताईंना याचा आता उपयोग नाही. संघमित्रा कॉलेजला दूर गेली आहे आणि पंडित दिवसभर कामावर असतात. दुपारी नवा फोन वाजतो, भिंतीपलीकडून मला ऐकू येतो. बराच वेळ वाजतो. मग थांबतो, आणि ओट्यावरचा नळ सुरू होतो.