कमरेतून आलेली पाहुणी

मंगळवारी सकाळी आईच्या कमरेतली कळ बाहेर आली आणि स्वयंपाकघरात पाटावर बसली. किडकिडीत बाई, आईच्याच वयाची, मांडीवर कापडी पिशवी.

"चहा टाक गं तिला," आई पलंगावरून म्हणाली. "आठ महिने ओरडतेय बिचारी. घसा बसला असेल."

आई चक्क पाठीवर निजली होती. पलंगाची कड आवळून पांढरी पडलेली तिची बोटं उघडली होती. जबडा सैल झाला होता. मी कितीतरी वेळ तिच्या हनुवटीकडेच बघत राहिले.

डॉक्टरांचा फोन आला. "आज दुखणं दहापैकी किती?"

"ती चहा पितेय," मी म्हटलं.

"बरं. मग गोळी संध्याकाळी द्या."

पण शरीराची सवय जात नव्हती. कळ जवळ येऊन बसली की आईच्या पायांची बोटं आखडत. ती नुसती खोकली तरी आई श्वास रोखून धरी. ती शेजारच्या खोलीत आडवी झाली की इकडे आई कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेई.

तिसऱ्या दिवशी मी कळेला म्हटलं, "मावशी, आता निघा."

"मी कधीची निघालेय. तुझी आईच म्हणते, जेवल्याशिवाय जायचं नाही."

"मंजिरी!" आतून आई ओरडली. "बाईमाणसाला असं घालवतात? ओटी भर तिची."

मला तेच हवं होतं. ओटी भरली की पाहुणी निघते. मी तांदूळ, नारळ आणि आईच्या कपाटातला हिरवा खण आणला. कळेने पदर पसरला, ओटी घेतली.

"येते हं," ती म्हणाली.

आई उठून बसली. कुणाचाही हात न धरता उभी राहिली, केसांवरून फणी फिरवली.

"तू कुठे निघालीस?"

"वळणापर्यंत सोडून येते. एकटीला कसं पाठवायचं?"

"मी जाते ना, आई."

"तुझी कोण लागते ती?"

कठड्याला हात न लावता आई जिना उतरली. मी अडवू शकले असते. पण मला तिला चालताना बघायचं होतं.

मी गॅलरीत गेले. वळणावर दोघींची पिशवीवरून ओढाताण चालली होती, "द्या हो इकडे", "असू दे हो". मग एक रिक्षा थांबली. कळ आधी चढली, आणि आत सरकून तिने आईला जागा करून दिली.