मोजणीतून सुटलेलं नख

मी पैलवानाच्या पुढच्या उजव्या पायाचं पाचवं नख बोलतोय. पैलवान म्हणजे कुत्रा. हे नाव त्याला वजनावरून मिळालं, धैर्यावरून नव्हे. झाडू आडवा पडला तरी तो पलंगाखाली शिरतो.

माझे चार भाऊ खाली पंजावर राहतात. त्यांना रोज रस्ता भेटतो, फरशी भेटते. मी मात्र जन्मापासून वर, दाट केसांत. जमिनीला कधी टेकलोच नाही, म्हणून झिजलोही नाही. बसल्या जागी वाढणं एवढंच मला जमलं.

पैलवानाचे मालक शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. पहिल्यांदा नखं कापताना त्यांनी घाई केली, माझ्या एका भावाच्या आतली नस कापली गेली आणि रक्त आलं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, मक्याचं पीठ दाबून धरलं तेव्हा ते थांबलं. त्या दिवसापासून मास्तर नखांना भारी कापडासारखं वागवतात. चष्मा नाकावर, काळ्या नखावर पांढऱ्या खडूची खूण आणि मग जरा जरा छाटणं.

"कमी कापलं तर पुन्हा कापता येतं," असं ते पैलवानाला समजावतात. पैलवान तोंड फिरवून घेतो.

काम चोख, पण मोजणीत घोळ. "चार चोक सोळा!" म्हणत मास्तर हात झटकून उठायचे आणि मी राहून जायचो. आधी मला बरंच वाटलं. पण वाढता वाढता मी गोल वळलो आणि माझं टोक पैलवानाच्याच कातडीला टेकलं. अजून चार दिवसांत मी आत घुसलो असतो. मला फार भीती वाटली. ज्याच्या अंगावर वाढलो, त्यालाच टोचायचं? ओरडावं तर नखाला तोंड कुठलं!

शेवटी पैलवानच पाय चाटत बसू लागला. बाईंनी ओले केस बाजूला केले.

"अहो, हे काय आहे?"

"काही नसेल गं. सोळाच्या सोळा कापलीत मी."

"मग हे काय, बटण लावलंय?"

मास्तरांनी चष्मा चढवला. मला बघितलं, डावा पाय चाचपला, तर तिथेही माझा एक जुळा भाऊ निघाला. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेला माणूस अगदी ओशाळला. "चुकलं रे राजा माझं," ते कुत्र्याला म्हणाले.

बाईंनी दह्याचा चमचा पुढे धरला. पैलवान चाटण्यात रंगला. मास्तरांनी पाय न आवळता धरला आणि माझ्यावर खडूची रेघ ओढली. कट्. जरासं थांबून पुन्हा कट्. कापलेल्या जागी मधोमध करडा ठिपका दिसला, म्हणजे नस जवळ आली, तसा त्यांनी हात आवरला. रक्ताचा थेंबही नाही!

ते कापलेलं टोक म्हणजे मी. आता फरशीवर दोऱ्यांच्या तुकड्यांत पडलोय. तुमच्याकडे कुत्रा असेल तर त्याच्या पुढच्या पायांचे केस जरा बाजूला करून बघा. आम्ही हाक मारत नाही हो.

दही संपलं वाटतं. पैलवान हुंगत इकडेच येतोय. ज्याच्या अंगात शिरायला नको म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, त्यानेच आता माझ्यासाठी आ वासलाय. बरं, येतो मी.